अप्पांचं ताट

आमच्या निवासी शाळेत मी आहारमंत्री होते. हसू नका. शाळेच्या मोबाइलवर बटण दाबून, बोटाला शाई लावून पोरींनी मला निवडून दिलं होतं, आणि छातीवरचा बिल्ला मी रविवारीसुद्धा काढत नव्हते.

कायदे आमचे आम्हीच केलेले. पोरींची संसद भरायची, हात वर व्हायचे आणि ठरलं ते ठरलं. त्यातला सगळ्यात कडक कायदा ताटाचा. जेवलेलं ताट ज्याचं त्यानंच घासायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, पाहुण्यालाही सूट नाही. नळापाशी सहावीची एक पोरगी पाळीनं उभी असायची. ती ताट उन्हात तिरपं धरून बघायची आणि 'पास' म्हणाली तरच ते मांडणीत जायचं. मोठ्या बाईंचं ताटसुद्धा परत गेलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. अशी शाळा होती आमची!

आणि घरी? आमचे अप्पा जेवायचे, ताटातच हात धुवायचे आणि उठायचे. ताट उचलायला आई, मी, धाकटी बहीण, कुणी ना कुणी तयारच. आमच्या गावच्या, हुलसूरच्या बाजारात त्यांच्या शब्दाला मान होता, पण घरात पाण्याचा तांब्याही त्यांनी कधी आपल्या हातानं भरून घेतला नाही.

मी दहावीत गेले तशी चुलत्यांनी अप्पांच्या डोक्यात भरवलं, की हुलसुरात हायस्कूल असताना पोरगी लांब कामून ठेवायची, हॉस्टेलात पोरी शेफारतात. अप्पांनी फोनवर सरळ सांगितलं, "रविवारी येऊन बघतो. पटलं न्हाई तर दसऱ्याच्या सुट्टीत पेटी घेऊनच ये, परत जायचं न्हाई." त्या शाळेशिवाय मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

अप्पा आले. पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर उपरणं. पंगतीत बसले, भाकरी-झुणका पोटभर खाल्ला, शेंगाची चटणी परत मागून घेतली. मी मनात म्हटलं, जिंकलं! आणि अप्पांनी सवयीनं ताटात हात धुतला नि उठून चालायला लागले.

सगळं जेवणघर माझ्याकडं बघायला लागलं. मी गुपचूप ताट उचलायला वाकलेसुद्धा. पण आदल्याच आठवड्यात एकीनं मैत्रिणीचं ताट धुतलं म्हणून मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. ती तिथंच बसली होती. आता कोणत्या तोंडानं उचलू?

"अप्पा," मी हाक मारली. "ताट."

"काय झालं ताटाला?"

"तुमचं तुम्हालाच घासावं लागतंय. इथं सगळेच घासतेत."

अप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बिल्ल्याकडं. "मला सांगायलीस?"

"व्हय. मंत्री हाय मी."

हे तोंडातून कसं निघालं देव जाणे! अप्पांनी ताट उचललं, उपरणं कमरेला खोचलं, नळाखाली कसंबसं घासलं आणि सहावीच्या पोरीपुढं धरलं. आळंदकडची पोर ती, अंगानं काडी, पण भीती म्हणून ठाऊक नाही. तिनं ताट उन्हात तिरपं केलं.

"काका, कडंला झुणका हाय. परत घासा."

मी डोळेच मिटले. उघडले तर अप्पा परत नळाखाली उकिडवे बसलेले. या वेळी ती 'पास' म्हणाली. पटलं की नाही तेही न सांगता अप्पा बस धरायला निघून गेले.

दसऱ्याला मी पेटी घेऊनच घरी गेले. अप्पा शाळेचं नाव काढेनात. आई सारखी म्हणायची, "कशाला तोंड चालवलीस गं बापापुढं? जा, पाया पड." मी कसली पडते! चुकलंच नव्हतं माझं. पण रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे, तेही खरं.

सुट्टी संपत आली. एका दुपारी चुलतेही आमच्याकडंच जेवायला होते. अप्पांचं जेवण आधी झालं, आई त्यांचं ताट उचलायला वाकली, तर अप्पांनी ते धरून ठेवलं. हातही धुतला नव्हता त्यात. आई घाबरली.

"कामून? काय चुकलं माझं?"

अप्पा ताट घेऊन मोरीत गेले. चुलत्यांचा घास हातातच राहिला. आम्ही मायलेकी भांड्याचा आवाज ऐकत उभ्या. मग अप्पा ओल्या हातानं बाहेर आले आणि ताट माझ्यापुढं धरलं.

"बघ मंत्रीणबाई. पास का?"

मी ताट दारात नेलं, उन्हात तिरपं धरलं. आई मला डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण.

"कडंला वरण हाय, अप्पा."

"घासतो की," अप्पा म्हणाले आणि मोरीकडं वळले. "तू तवर पेटी भर."