सात तोंडांचा हब

बिराजदार सरांच्या व्हॅनमध्ये "या, बसा" असं स्वागत कधी झालं नाही. दाराला हात लावायच्या आत ते विचारायचे, "मॅडम, तुमचं काय काय लावायचं हाय?" म्हणजे मोबाइल चार्जिंगला लावायचाय का, पेन ड्राइव्ह आहे का, आणखी कसलं वायरीचं लचांड पर्समध्ये आहे का. माझं उत्तर ऐकून मग ते ठरवायचे, आज पंखा बंद ठेवायचा की नकाशा. चाकूरपर्यंत पंखा हवा असेल तर माझा मोबाइल उपाशी. एवढ्या अटी तर सासरी पहिल्यांदा गेले तेव्हाही कुणी घातल्या नव्हत्या!

सर फिजिक्स शिकवायचे, मी बायोलॉजी. दोघं राहायला नांदेडला, एकाच कॉलनीत समोरासमोर. क्लासेसचं नुसतं पेव फुटलेलं होतं तेव्हा. लातूर काय, नांदेड काय, चौकाचौकात पोरांचे फोटो, आणि एकच पोरगं चार वेगवेगळ्या क्लासेसच्या बोर्डांवर हसायचं. आमच्या संचालकांच्या दोन्ही गावांत शाखा होत्या. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस पहाटे निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं, सकाळच्या बॅचा उरकायच्या आणि नांदेडच्या संध्याकाळच्या बॅचला परत यायचं. एवढे तास त्या डबड्यात मी कोंडलेली असायचे, तिथून मला हा माणूस दिसला.

व्हॅन जुनी होती, पण तिच्यात कम्प्युटर होता. सरांनी स्वतः बसवलेला. डॅशबोर्डवर छोटा पडदा, सीटखाली खोका, आणि गिअरशेजारी चिकटपट्टीनं डकवलेला सात तोंडांचा यूएसबी हब. नकाशाचं यंत्र, पंखा, कॅमेरा, माइक, लिहायची पाटी, सगळ्यांच्या वायरी त्या एका हबात. हब मात्र कम्प्युटरच्या एकाच तोंडातून करंट घ्यायचा. चौघं सुखानं जेवायचे, पाचवा आला की कुणीतरी गुपचूप मरायचं. कोण मरेल याचा नेम नसायचा. एकदा नकाशा मेला आणि आम्ही पार उदगीरच्या रस्त्याला लागलो होतो.

"सात भोकं हायत म्हणून सात जणांनी बसायचं नसतंय, मॅडम," सर म्हणायचे. "भोकं दिसतात. करंट दिसत न्हाई." हे वाक्य त्यांनी संचालकांच्या तोंडावरही टाकलं होतं, बेंचवर पाचवं पोरगं कोंबलं तेव्हा. संचालक नुसते हसले आणि सहावं कोंबलं.

मी म्हटलं, "सर, वेगळा करंट घेणारा हब मिळतो म्हणे बाजारात. आणा की एक. खामखा जिवाला ताप."

"मिळतो की. आन् तो रात्रभर बॅटरी खाऊन राहील. घरातून लाइट घ्यावी तर लोडशेडिंग. सकाळी गाडी न्हाई निघाली तर लातूरच्या पोरांना तुम्ही फिजिक्स शिकवणार का?"

रात्रभर बॅटरी कशाला, हे मला नंतर कळलं. सर व्हॅनमध्येच झोपायचे. मागचं सीट काढून तिथं गादी टाकलेली होती. ते निलंग्याकडचे. भूकंपात त्यांचे आईवडील आणि धाकटा भाऊ गेले, गावातलं घर भुईसपाट झालं. तेव्हापासून हा माणूस पक्क्या छपराखाली आला नव्हता. नांदेडला त्यांनी चांगलं स्लॅबचं घर बांधलं, बायकोसाठी, पण स्वतः ओट्यापर्यंतच. जेवण ओट्यावर, पेपर ओट्यावर, आंघोळ अंगणातल्या पत्र्याच्या मोरीत. क्लासचे हॉल पत्र्याचे होते म्हणून शिकवणं तरी जमलं. संचालकांनी स्लॅबचा विषय काढला की सर राजीनाम्याचा काढायचे. "छप्पर म्हंजे डोक्यावर ठेवलेलं वजन," एवढंच म्हणायचे. त्यापुढे भूकंपाबद्दल चकार शब्द नाही.

आणि त्या हबातली मुख्य वायर वेगळीच होती. घरी गाडी उभी केली की सर ती खिडकीतून बाहेर काढून ओट्यावर सिमेंटात बसवलेल्या एका डबीला जोडायचे. जमीन हलली की डबीला कळायचं, डबीकडून कम्प्युटरला, आणि कम्प्युटर भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की सरांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, हातातलं टाकून बाहेर पळायचं, असा त्या घरचा कायदा. डबी पाण्याच्या टँकरलाही घाबरायची. टँकर गल्लीत शिरला की भोंगा, आणि वहिनी पिठाच्या हातानं अंगणात! "काय ओ वहिनी, आज टँकर आला वाटतं," आम्ही बायका चिडवायचो.

वहिनी मुदखेडच्या. बोलायला फटकळ, पण नवऱ्याला कधी तोडून बोलल्या नाहीत. त्यांचं मागणं एकच होतं. "एकदा आत येऊन बसा. जेवू नका, झोपू नका. नुसतं बसा." सर उंबऱ्यापर्यंत जायचे. मी डोळ्यांनी बघितलंय, पाय उचलायचाच नाही. कपाळावर घाम यायचा आणि ते मुकाट्यानं मागं फिरायचे. मला कधी कीव यायची, कधी रागही यायचा. एवढा शिकलेला माणूस!

त्या उन्हाळ्यात वहिनी मोरीत घसरल्या. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, कामाला एक बाई सकाळ-संध्याकाळ यायची. सरांनी बाज ओट्यावर आणली. वहिनी उखडल्या. "माझा पाय मोडलाय, डोकं न्हाई. ह्या उन्हात ओट्यावर वाळत पडायला मी काय पापड हाय?" झालं, त्या आत आणि सर बाहेर.

लातूरच्या रस्त्याला, त्याच आठवड्यातली गोष्ट. अहमदपूरला चहा घेताना सर एकदम म्हणाले, "मॅडम, भोंगा वाजला आन् तिला उठता न्हाई आलं, तर?"

"तर तुम्ही आत जायचं. सरळ आहे."

"तेच तर होत न्हाई ओ." कपातला चहा तसाच ठेवून ते उठले.

पुढच्या रविवारची दुपार. संचालकांना सरांचे धडे रेकॉर्ड करून हवे होते, दोन्ही शाखांना एकदम दाखवायला, आणि सोमवारी पहिला धडा हवाच होता. सर व्हॅनमध्ये बसले. आवाज येऊ नये म्हणून काचा बंद, कानात इअरफोन. पाटी जोडली, कॅमेरा जोडला, माइक जोडला. अशा वेळी पंखा काढायचा हा त्यांचाच नियम, पण बंद काचांत, नांदेडच्या उन्हात, पंख्याशिवाय माणूस उकडून निघाला असता. पंखा राहिला. हबनं या खेपेला सोडलं ते डबीला.

माझ्या स्वयंपाकघरातली भांडी थडथड वाजली. खालून गुरगुरल्यासारखा आवाज आला. मी बाहेर पळाले, सगळी कॉलनीच बाहेर आली. कुणी अनवाणी, कुणी अर्धी दाढी केलेला, लेकरं रडतायत. आणि ओट्याशेजारी उभ्या व्हॅनमध्ये सर काचेआड बसून पाटीवर लंबक काढत होते. गाडीच्या गादीवर त्यांना धक्का जाणवलाच नव्हता. इतकी वर्षं ज्याच्यासाठी उघड्यावर झोपले, ते येऊन गेलं, आणि सगळ्या कॉलनीत एकट्या त्यांनाच पत्ता नाही!

मी काचेवर थापा मारल्या. "सर, धक्का! धक्का बसला!"

त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. एकेक तोंड बघत त्यांची नजर सगळ्या गर्दीवरून फिरली आणि त्यांना कळलं, वहिनी आमच्यात नाहीत. ते उतरले तशी इअरफोनची वायर ताणली जाऊन पाटी खाली पडली. आतून वहिनींची हाक आली, "अहो! कुणी हाय का?" मी एक पाऊल टाकलं आणि थांबले, मलाही भीती वाटत होती. सर ओटा चढले, उंबऱ्याशी क्षणभर अडले आणि आत गेले.

आम्ही वाट बघत राहिलो. आता वहिनींना घेऊन येतील, मग येतील. कुणीच येईना. शेवटी मी हिय्या करून खिडकीशी गेले. सर बाजेच्या कडेला बसले होते. डोळे वर स्लॅबला लागलेले, पण वहिनींचा हात घट्ट धरलेला.

"थांबलंय की आता. कशाला आलात?" वहिनी म्हणत होत्या, आणि रडत होत्या.

"तुला उचलून बघितलं. उचलणं झालं न्हाई," सर म्हणाले. "म्हणून बसलो."

मंगळवारी लातूरला जाताना लोहा मागं पडल्यावर ते आपणहून बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मी त्या रात्री अंगणात निजलो होतो, म्हणून राहिलो. आई आतून हाक मारून राहिली, उजाडेपर्यंत. मी भोवती फिरून राहिलो, हातानं दगड काढून राहिलो. पर आत जायला दारच उरलं न्हवतं, मॅडम." मी बाहेर बघत बसले.

यानंतर सर घरात राहायला लागले, असं मला लिहायला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. प्लास्टर निघेपर्यंत ते रोज थोडा वेळ आत जाऊन बसायचे, घामानं भिजलेल्या अंगानं बाहेर यायचे. वहिनी चालायला लागल्या आणि सर पुन्हा ओट्यावर आले, वायर पुन्हा खिडकीतून निघाली. वहिनींनी "एकदा आत या" म्हणणं मात्र सोडून दिलं.

दोनेक वर्षांनी सर गेले. झोपेतच, व्हॅनमध्ये. भेटायला आलेल्या बायकांतली एक हळहळत म्हणाली, "काय नशीब बाई! एवढं घर बांधलं आणि नवरा कधी घरात आला नाही."

वहिनींनी डोळे पुसले आणि तिच्याकडे सरळ बघितलं.

"आलते की," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे बाहेर पळाला होतात, तवा."