आवाजाची राखण

उस्तादाचा राग नाकावर असतो हे गॅरेजात सगळ्यांना ठाऊक होतं. पण बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो राग नाकावरून उतरून घरभर फिरायला लागला.

उस्ताद डेंटर होता. ठोकलेल्या गाड्यांचे चेपलेले पत्रे आतून हातोडीने सरळ करायचे, तळहात फिरवून उंचवटा शोधायचा, पुन्हा ठोकायचं. उभी हयात त्यात गेली. बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत आणि तोही बाईच म्हणे. मागच्या बाकापर्यंत खणखणीत पोचणारा बाईंचा आवाज आधी फाटला, मग घोगरा झाला, मग बोलता बोलता गायब व्हायला लागला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. सर्जनने ती काढली आणि बजावलं, "गाठ साधी आहे. पण जखम भरेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. हयगय केलीत तर गाठ परत येईल, आणि मग आवाज राहीलच याची खात्री मी देणार नाही." आवाज गेला की वर्ग गेला. बाईंना वर्गाशिवाय दुसरं काही नको होतं.

उस्तादाने रजा टाकली आणि दारात पहारा मांडला.

पहिली सापडली मेहुणी. बहिणीला बोलायची बंदी आहे हे तिला फोनवर ओरडून सांगून झालं होतं. तरी ही बया पलंगावर बसते न बसते तोच म्हणते, "ताई, फार दुखतं का गं? कसं कसं झालं, सगळं नीट सांग मला."

उस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, तिला बोलायचं नाहीये!"

"हळूच सांगेल हो, भावोजी."

"हळू नाही, जोरात नाही, काहीच नाही! तुला बोलायची हौस आहे ना? मग भिंतीशी बोल. भिंत मन लावून ऐकते."

मेहुणी तोंड फुगवून निघून गेली. बाईंनी पाटी ओढून लिहिलं, "माझी बहीण आहे ती." उस्तादाने वाचलं. "म्हणून तर एवढ्यावर सोडली," तो म्हणाला.

मग मुख्याध्यापिका आल्या. त्यांना तब्येतीची चौकशी अर्ध्या वाक्यात उरकायची होती आणि बाई कामावर कधी येणार हे विचारायचं होतं. उस्तादाने त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाही. "एका खोलीत एवढी पोरं कोंबता, एक माईक द्यायला काय होतं तुम्हाला? माझ्या बायकोचा घसा म्हणजे काय शाळेची घंटा वाटली?" बाईंनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मुख्याध्यापिका आल्या पावली परत गेल्या, आणि उस्ताद दिवसभर शाळेच्या नावाने खडे फोडत राहिला. शिकवणाऱ्यांचे घसे खाऊन शाळा जगतात, हे त्याचं मत त्याने दूधवाल्यालाही ऐकवलं.

पण सेवा मात्र त्याने जिवापाड केली, हे कबूल करायला हवं. खिमट शिजवलं, गार करून दिलं, गोळ्या वेळेवर दिल्या, घरातली धूळ रोज ओल्या फडक्याने पुसली. गॅरेजात ठोकाठोकीत कोणाचं बोलणं कोणाला कळत नाही, म्हणून तिथे पत्र्यावर ठोके मारून खुणा करतात. तीच रीत त्याने घरी आणली. मडगार्डाचा एक तुकडा आणि त्याची सगळ्यात लहान हातोडी बाईंच्या उशाशी ठेवली. एक ठोका म्हणजे ये, दोन म्हणजे नको. बाई बहुतेक वेळा दोनच मारत. तरी उस्ताद खूश होता. "बघ, तुला तोंड उघडायची गरजच ठेवली नाही मी," तो छाती काढून सांगे. घर असं सुरळीत चाललेलं त्याला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा सर्जनने घसा पाहून मान डोलावली. जखम छान भरली होती. मग त्याने त्यांना आवाजाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. ती तरुण मुलगी होती आणि हळू, समजुतीने बोलत होती. तिने विचारलं, "शाळा सोडून आणखी कुठे मोठ्याने बोलावं लागतं का यांना?"

"काय?" उस्ताद म्हणाला.

तिने पुन्हा विचारलं.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला हो."

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई आपल्या पर्सचा बंद न्याहाळत होत्या. मुलगी खुर्चीत पुढे सरकली आणि ओरडली, "घरी मोठ्याने बोलावं लागतं का?"

"छे! घरी आम्ही दोघंच. ओरडायचं कोणावर?"

"आत्ता मी ओरडले तसं, काका."

उस्तादाचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे गाठ माझ्यामुळे झाली म्हणता?"

"शाळेमुळेही झाली असेल. पण शाळेला सुट्टी असते. तुम्हाला नसते. कान तपासून घ्या, मशीन लावा." मग ती बाईंकडे वळली. आजपासून दिवसातून दोन-चार वाक्यं बोलायची, नेहमीच्या हळू आवाजात. काहीही झालं तरी आवाज चढवायचा नाही.

परतीच्या वाटेवर उस्तादाने रस्त्याला ऐकवलं. कालची पोर, हिला हातोडीचा दांडा कुठून धरतात हे माहीत नाही, आणि ही मला शिकवणार! सगळ्या डेंटरांचे कान असेच असतात. कानात मशीन खुपसून गॅरेजात गेलो तर रंगवाला जन्मभर हसेल. बाई स्कूटरवर मागे बसून होत्या. त्यांचा हात एरवी त्याच्या खांद्यावर असायचा, तो आज मांडीवर होता.

संध्याकाळी तो चहा करत होता, म्हणजे भांडी आपटत होता. डॉक्टरीणबाईंचा उद्धार अजून संपला नव्हता. नळ चालू होता. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्या. ऑपरेशननंतरचं त्यांचं पहिलं वाक्य. त्याला ओठ हललेले तेवढे दिसले.

"काय?" तो सवयीने म्हणाला.

त्या दोन पावलं पुढे आल्या. पुन्हा बोलल्या, तशाच हळू.

"काय? जरा मोठ्या..."

शब्द तोंडातून निघाला आणि तिथेच अडकला. बाईंनी ओठ मिटले. इतक्या वर्षांत त्यांचा राग नेहमी ओरडण्यात जाऊन संपायचा. आज तो चेहऱ्यावर तसाच उभा होता, आणि उस्तादाला तो प्रथमच नीट दिसला.

त्याने नळ बंद केला. धावत जाऊन पाटी आणली. "लिही. काय म्हणालीस ते लिही."

बाईंनी लिहिलं, "काही नाही."

"काही नाही कसं? दोनदा बोललीस तू! अगं, सांग ना."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, आपला कप उचलला आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

उस्तादाला भयंकर राग आला. मेहुणीचा आणून पाहिला, शाळेचा आणून पाहिला, त्या डॉक्टरीणबाईंचा आणून पाहिला. एकीवरही तो टिकेना. सगळ्या जगापासून त्याने हा आवाज राखला होता, आणि परत आल्यावर तो पहिल्यांदा त्याच्याशीच बोलला, तो त्याने सांडून टाकला. त्याला स्वतःची लाज वाटली. ओट्यावरचा चहा तसाच निवत गेला.

रजा संपली होती, तरी सकाळी तो गॅरेजात गेला नाही. कानाच्या मशीनच्या दुकानात जाऊन बसला. दुकानदाराने त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "काका, कधीपासून ऐकू येत नाही?"

"काल संध्याकाळपासून," उस्ताद म्हणाला.