बेल्ट आला होता

रामस्वरूपचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात दुधी किसत होते. तो आमच्या पेरूच्या बागेचा राखणदार. त्याचं नाव फोनवर दिसलं की मी हातातलं काम टाकून धावायची, कारण तो मला फोन करणार म्हणजे तिकडे दादाला काहीतरी झालेलं असणार. "दीदी, भाईसाब फोन नहीं उठा रहे. आज आएंगे कि नहीं?" इतकंच त्यानं विचारलं, आणि मला हायसं वाटलं... दादा तर घरातच होता, आपल्या खोलीत तयार होत होता. "अभी देती हूँ," म्हणत मी फोन घेऊन आत गेले. दादा पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसला होता. डाव्या पायाच्या कॅलिपरचे वरचे दोन पट्टे बांधलेले होते, खालचा सुटा, आणि हात तिथंच राहिलेला. फोनमध्ये रामस्वरूप "हॅलो, दीदी, हॅलो" करत राहिला.

याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, किती शांत मरण! खरं आहे. पण मी गेली कित्येक वर्षं ज्या मरणाला घाबरत होते ते हे नव्हतंच. ते बीहडातल्या, बागेकडच्या घळींमधल्या एखाद्या उतारावर, चार चाकं वर झालेल्या त्याच्या गाडीखाली असायचं.

दादाला लहानपणी पोलिओ झाला. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरला आले, त्या घराण्यात घोड्यावर न बसलेला पहिला पुरुष मीच, असं तो हसत सांगायचा. सरकारी कचेरीत तो नकाशे काढायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं मुरारच्या पुढे, बीहडाच्या कडेला असलेल्या आमच्या पडीक जमिनीत पेरू लावले. वहिनी गेल्या होत्या, मीही शाळेतून निवृत्त होऊन हरिशंकरपुरमच्या घरात त्याच्याबरोबर राहायला आले होते. रिक्षा डांबरी रस्त्यापर्यंतच जायची. पुढे दोन किलोमीटर नुसत्या घळी, मातीचे चढउतार. क्लच दाबायला डावा पाय हवा, म्हणून जीप त्याच्या कामाची नव्हती. मग एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून त्यानं जुनी, चार जाड टायरांची, मोटारसायकलसारखी बसायची गाडी आणली. तिला ना क्लच ना गिअर. इंजिनाची ताकद एका रुंद रबरी बेल्टवरून चाकांकडे जायची. गावातले लोक तिला केकडा म्हणायचे. रस्त्याकडेच्या चहावाल्याच्या छपरात ती उभी असायची, आणि दादा रिक्षातून उतरून तिच्यावर बसला की त्याची मान ताठ व्हायची. ते बघायला मला आवडायचं. ती सुरू झाली की मात्र मी डोळे मिटून घ्यायची.

गेल्या जूनमध्ये तो बेल्ट तुटला. सकाळी गेलेला दादा दुपारी दोन वाजले तरी परतला नाही, फोन लागेना. बाहेर लू, तो भाजून काढणारा वारा, सुटलेला. दादाच्या हृदयात त्याआधी दोन वर्षं स्टेंट घातला होता आणि एकट्यानं उन्हात हिंडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रिक्षा करून पोचले तेव्हा रामस्वरूपनं त्याला नुकतंच खाटेवर घालून चहाच्या टपरीपर्यंत आणलं होतं. तीन तास तो घळीत त्या गाडीच्या बोटभर सावलीत बसून होता. ओठ पांढरे पडलेले. आणि मला बघून म्हणतो काय, "अगं कुमुद, बेल्टच तुटलाय, मी नाही. मिळून जाईल."

मिळत नव्हता. नई सडकवर सलीमभाईंचं बेअरिंग आणि बेल्टचं दुकान आहे, तिथं दादानं मला पाठवलं. बरोबर कागदावर काढलेली बेल्टची आकृती, रुंदी, जाडी, बाहेरचा घेर, दातांचा कोन, सगळं मिलिमीटरमध्ये. सलीमभाईंनी तो कागद चष्मा वर करून बघितला. स्कूटरचा बेल्ट अरुंद, चक्कीचा फार जाड. "बहनजी, ये माल तो कंपनी ने ही बंद कर दिया. दिल्ली-इंदौर पूछते हैं." मी "जी" म्हटलं आणि मनात म्हटलं, देवा, मिळू नये.

तीन आठवड्यांनी तो मिळाल्याचा सलीमभाईंचा मला फोन आला. मी जाऊन घेऊन आले. घरी येताना रिक्षात ती पिशवी मांडीवर होती आणि तीन तास उन्हात पडलेला दादा डोळ्यांपुढून हलत नव्हता. दादा व्हरांड्यात होता. "काही कळलं का गं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाही." शब्द तोंडातून गेला आणि मग परत घेता येईना. बेल्ट कपाटात, गरम कपड्यांच्या खाली ठेवला. अकरा दिवस तो तिथं होता. रोज संध्याकाळी दादा तोच प्रश्न विचारायचा, रागानं नाही, कुरकुरीनं नाही, हवापाणी विचारावं तसा. आणि मी रोज तेच उत्तर द्यायची. मुलींना तीस वर्षं खरं बोला म्हणून शिकवत आलेली बाई मी... जेवताना त्याच्याकडे बघवत नसे. तो घरात सुरक्षित होता, पण घरातल्या घरात वाळत चालला होता. फोनवरून रामस्वरूपला कुठल्या रांगेला पाणी द्यायचं ते सांगायचा. नवीन कलमांची पानं वळायला लागलीत, असं एकदा तिकडून कळलं आणि त्या दिवशी त्यानं ताट अर्धं सोडलं.

बाराव्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन आले तर दादाची खोली रिकामी. कुबडी नव्हती. मला क्षणात कळलं. बेल्ट काढला, रिक्षा पकडली, आणि सगळा रस्ता रिक्षावाल्याला "भैया, जरा जल्दी" म्हणत राहिले. पहिल्याच उताराखाली दादा मातीत बसला होता. कुबडी दहा पावलांवर पडलेली, कोपर सोललेलं, धाप लागलेली. दोन किलोमीटर तो चालत जाणार होता! मी पिशवी त्याच्यापुढे धरली. त्यानं बेल्ट बाहेर काढला, बोटांनी दात चाचपले, वितीनं रुंदी बघितली.

"आजच आला का?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. तेव्हासुद्धा खोटंच.

"बरं झालं," तो म्हणाला. "चल, हात दे."

आम्ही टपरीवर परतलो; फोन करून बोलावलेल्या रामस्वरूपनं, घळीतून केव्हाच ओढून आणून ठेवलेली गाडी छपराबाहेर काढली. दादानं बाजूचं झाकण उघडलं, मागची पुली फाकवली आणि माझ्याच हातानं बेल्ट आत बसवून घेतला. "नीट बघून ठेव, पुढच्या वेळी तुलाच करायचंय." मग मला मागे बसवून बागेत नेलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले. पुढचे सात महिने तो आठवड्यातून तीनदा गेला, आणि त्या तीन दिवशी मी घरात येरझारा घालत राहिले. तो गेला मात्र तसल्याच एका साध्या सकाळी, बागेकडे निघण्याआधीच, पलंगावर.

गेल्या आठवड्यात सलीमभाईंना सांगायला गेले. त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी हातातलं बेअरिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "बेल्ट जिस दिन आया, मैंने पहला फोन उन्हीं को किया था. बोले, बहन को फोन कर दो, वही लेने आएगी." ते पुढे म्हणाले, "हफ्ते भर बाद मैंने पूछा, फिट हो गया? बोले, अभी नहीं, बहन डरती है. खुद देगी. आप उनसे कुछ मत कहना."

म्हणजे त्याला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. रोजचा तो प्रश्न मला खोटं पाडायला नव्हता, खरं बोलायची वाट मोकळी ठेवायला होता. अकरा वेळा त्यानं ती मोकळी ठेवली, अकरा वेळा मी ती बंद केली. आणि शेवटी त्याचा धीर सुटला, की मला भाग पाडायलाच तो निघाला... हे आता विचारायचं कुणाला? दुकानात उभ्या उभ्या मी रडले. सलीमभाईंनी स्टूल पुढे केलं, पंखा माझ्याकडे वळवला. निघताना मी आणखी एक बेल्ट बघून ठेवायला सांगितलं. "अब चलाएगा कौन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मैं."

रविवारी चालवली. रामस्वरूप पुढे चालत होता, मी पाठीमागून गोगलगायीसारखी. प्रत्येक उतारापाशी मी थांबत होते, हात पुसून मगच गाडी पुढे घेत होते. भीती गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही. पण पोचले. दादा डावा पाय सांभाळत नेहमी उजव्या अंगावर भार टाकून बसायचा, त्यामुळे गाडीची सीट उजवीकडे खोल दबली आहे. बसलं की माणूस आपोआप त्या खळग्यात सरकतं. उतरल्यावर रामस्वरूप म्हणाला, "दीदी, सीट बदलवा लें? आपको दिक्कत होगी."

मी नको म्हटलं.