यंत्रापुरती हवा

बागेच्या कोपऱ्यात हवेतली धूळ मोजणारं यंत्र बसवलंय. रोज सकाळी पालिकेचा टँकर येतो आणि नेमका त्या यंत्राभोवतीच पाण्याचा फवारा मारून जातो. पलीकडे, खणून ठेवलेल्या रस्त्याकडेला, भाजीवाल्या मावशी नाकाला पदर लावून बसलेल्या असतात. आज त्या ओरडल्याच, “अरे बाबा, इकडेही मार की थोडं!”

ड्रायव्हर हसला. “तिथली धूळ कोण मोजतंय, मावशी?”

पोर तापानं फणफणलेलं असताना थर्मामीटर बर्फात बुडवून ठेवणारी ही शहाणी माणसं! बागेच्या फाटकावरच्या पाटीवर हिरवी अक्षरं उमटली: हवा उत्तम.

मावशींनी खोकत मेथीची जुडी झटकली. धूळ माझ्या चष्म्यावर बसली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तर पाटी आणखीच हिरवीगार दिसत होती.