पर्ल माहोनी नावाची बाई

पर्ल माहोनी हे नाव आमच्या कॉटर्स लँडिंग या काळ्यांच्या गावात कुणाचंच नव्हतं. गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या गोऱ्या साहेबानं ते बसल्या जागी बनवलं. ज्या बाईच्या गाण्यावर त्यानं ते चिकटवलं, ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, ल्युवेनिया टॉलिव्हर. गाव तिला व्हिनी म्हणायचं, मी ताई म्हणायचे.

ताई कापसाच्या शेतात खुरपता खुरपता गायला शिकली. आमच्याकडे सगळ्याच बाया शेतात गातात, पण ताईनं सूर धरला की पुढच्या ओळीतल्या बाया खुरपं थांबवून मागं बघायच्या. मुकादम ओरडायचा, "व्हिनी, एक तर गा, नाहीतर काम कर." ती म्हणायची, "दोन्ही चाललंय की." पुढं रूबेन नावाच्या गिटारवाल्याशी तिनं लग्न केलं. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात मासे तळले जायचे, तिथं रूबेन वाजवायचा आणि ताई ब्लूज, म्हणजे आमची दुखऱ्या मनाची गाणी, गायची. माझी सासू हेगर चर्चमधली जुनी सभासद. ती म्हणायची, "रविवारी देवाचं आणि शनिवारी सैतानाचं. एकच घसा किती जणांना भाड्यानं देशील गं?" ताई हसायची. तेव्हा ती खूप हसायची.

रूबेन शिकागोला कामाला गेला, तो गेलाच. मागं राहिली ताई आणि त्यांची मुलगी क्लिओथा. त्याच उन्हाळ्यात कंपनीचा माणूस गावात आला. त्यानं ताईचं गाणं ऐकलं आणि तिला मेम्फिसला बोलावलं. क्लिओला आजीपाशी ठेवून ताई आगगाडीत बसली. तिथं एका हॉटेलच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावून तबकडीसाठी तिच्याकडून गाणी म्हणवून घेतली. त्यातलं एक तिनं स्वतः रचलेलं होतं:

चूल विझून गेली बाई, राख अजून कोमट,
हो, चूल विझून गेली बाई, राख अजून कोमट,
जाताना दार ओढलंस, कडी लावायची राहिली.

ती तिकडं गात होती आणि इकडं क्लिओला घटसर्प झाला. डॉक्टर नदीपलीकडच्या गोऱ्यांच्या घरी होता. तो आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवस कडक उन्हाचे, थांबता येईना. ताई स्टेशनवर उतरली तेव्हा पोरीला माती देऊन झाली होती.

सासूनं तिला सांगितलं. मी तिथंच उभी होते. ताईनं टोपी काढली, खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "कुठला झगा घातला तिला?"

"पिवळा," सासू म्हणाली.

"तो आखूड झाला होता," ताई म्हणाली. मग तिनं मक्याची भाकरी ताकात कुस्करली आणि खाल्ली. ती रडली नाही. पुढच्याच शनिवारी ती गायला गेली. बायका म्हणाल्या, आई आहे की धोंडा. सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं.

तबकडी बाजारात आली, तिच्यावर नाव पर्ल माहोनी. फोटो नव्हता. टॉलिव्हर हे नाव विकलं जाणार नाही, असं साहेबाचं म्हणणं. ताईनं हरकत घेतली नाही. पुढं काही वर्षं ती गात राहिली, लोक टाळ्या वाजवत राहिले. मग एक दिवस तिनं गाणं सोडलं आणि गोऱ्यांच्या घरचे कपडे धुऊन इस्त्री करायला लागली.

मी विचारलं, "असं अचानक काय झालं, ताई?"

"अचानक कुठं? पूर्वी गाताना पोटात काहीतरी हलायचं. क्लिओ गेल्यापासून हलत नाही. तरी मी गात होते, आणि लोकही तसेच डोळे पुसत होते." तिनं इस्त्रीला थुंकी लावून ताव बघितला. "कुणाला फरकच कळला नाही गं."

त्यानंतर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेला, आम्ही दुसऱ्या गावी गेलो. माझा नवरा ओटिस तिथं बेसबॉल खेळणार होता. झाडाखाली डुक्कर भाजत होतं. शेजारी एक गाडा उभा होता आणि त्याच्यावर पाटी होती: पर्ल माहोनी, खुद्द, सदेह.

गाड्यावर चढली ती लाल बुटांची, सोन्याच्या दाताची, ताईहून लहान बाई. तिनं तेच चुलीचं गाणं घेतलं. माझं टाळकं फिरलं. ओटिसला बोलवायला निघाले, तर ताईनं माझं मनगट धरलं. "ऐकू दे."

बाई गायली. शेवटची ओळ तिनं बदलली होती, आवाजही ताईच्या आवाजाएवढा खोल नव्हता. पण दुसऱ्या कडव्याला तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं, आणि ती ते न पुसता गात राहिली. ताई टक लावून बघत होती.

गाणं संपल्यावर आम्ही गाड्यामागं गेलो. ती बाई पेटीवर बसून बूट काढत होती.

"छान गायलीस," ताई म्हणाली.

"देव भलं करो, बाई."

"शेवटची ओळ बदललीस."

"माझं गाणं आहे. बदलेन नाहीतर जाळेन."

मला राहवलं नाही. "तुझं? या बाईनं मेम्फिसला जाऊन म्हटलंय ते. लाज आहे का काही?"

तिनं ताईकडं पाहिलं. इस्त्रीनं भाजलेल्या हातांकडं पाहिलं. दुसरा बूट तिच्या हातातच राहिला. "मग आता? शेरिफला बोलावणार?"

"शेरिफला काय करायचंय," ताई म्हणाली. "मला एवढंच सांग, गाताना तुला रडू येतं ते खरं की मुद्दाम?"

"मुद्दाम आणता आलं असतं तर बरं झालं असतं. येतं. दर वेळी. नंतर डोकं ठणकतं."

"मग तूच ठेव."

"काय?"

"गाणं. नावही ठेव. तसंही ते माझं नव्हतं."

बाईनं हातातला बूट खाली ठेवला. मग चाचरत म्हणाली, "लोक विचारतात, पर्ल, तू कुठली? दर गावात काहीतरी वेगळंच सांगते मी. एखाद दिवशी पकडतील."

मग ताईनं तिला सगळं सांगितलं. कॉटर्स लँडिंग, आई हेगर टॉलिव्हर, माउंट नेबो चर्च. शाळेत धडा सांगावा तसं.

"लेकरं?" बाईनं विचारलं.

"एक मुलगी होती. गेली."

"नाव काय तिचं?"

"ते नको," ताई म्हणाली. आम्ही परत येऊन डुकराचं मांस खाल्लं. ओटिसचा संघ हरला होता.

नंतर सासू वारली. पर्ल माहोनीचं नाव कधी कुणाच्या तोंडून कानावर यायचं, आज इथं गायली, उद्या तिथं. ताई ऐकून घ्यायची.

मग एका सकाळी आमचे नवे पाद्री, ब्रदर ॲम्ब्रोज, टोपी हातात घेऊन ताईच्या दारात आले. मी तिला चादरींच्या घड्या करू लागत होते.

"सिस्टर व्हिनी, स्टेशनवर एक शवपेटी आलीय. आर्कान्सातून. मोटार उलटली म्हणे. बाईचं नाव पर्ल माहोनी, आणि कागदावर लिहिलंय, आई हेगर टॉलिव्हर, माउंट नेबो. मला काही उमगेना. तुला बहीण होती का?"

ताईनं इस्त्री परत चुलीवर ठेवली. "होती."

ब्रदर ॲम्ब्रोज घुटमळले. "ती ब्लूज गायची म्हणतात. चर्चच्या जागेत तसल्या बाईला... मंडळी बोलतील."

"बोलू दे. आमच्या घरची आहे ती. आईशेजारी जागा आहे, तिथं खणा."

"आणि पाटीवर? तिचं खरं नाव काय लिहू?"

ताईनं आणि मी एकमेकींकडं पाहिलं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी गाड्यामागं विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"पर्लच लिहा," ताई म्हणाली.

रात्री मयताची राखण ताईच्याच घरी झाली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पांढऱ्या झग्यातल्या सेवेकरी बायका हातपंखे वाटत होत्या. पेटी उघडी होती, सोन्याचा दात दिसत नव्हता. लाल बूट कुणी काढून घेतले होते की मोटारीतच राहिले, कोण जाणे. पायात मोजे होते. ताईनं घरून आपले रविवारचे काळे बूट आणले आणि तिच्या पायात चढवले. ते सैल झाले, तेव्हा पुढं कापूस भरला. भजन सुरू झालं, सगळी मंडळी उभी राहिली. ताईही उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. मी अगदी शेजारी होते, पण मला आवाज ऐकू आला नाही.

नंतर ताईच्या अंगणात जेवण झालं. कोणी कोलार्डची पालेभाजी आणली होती, कोणी कोंबडी. ताई कामाच्या फाटक्या बुटांत बसून जेवली आणि पुन्हा वाढून घेतलं. बायकांनी ते पाहिलं.

सगळे गेल्यावर भांडी घासताना मी विचारलं, "ताई, आज काही वाटलं का?"

तिनं खरंच विचार केला. हात पाण्यात तसेच ठेवून उभी राहिली.

"बघत होते, वाटतंय का," ती म्हणाली. "त्या पोरीची आई कुठंतरी असेल, ती वाट बघत असेल, असं मनात आलं. मनात आलं तेवढंच. पुढं काही नाही."

मी फडकं पिळलं. तिनं शेवटची कढई उलटी घातली आणि उद्याच्या चादरी भिजवायला गेली.