न झिजलेली वडी

खाडीकाठी दुरुस्तीसाठी एक लोखंडी लाँच ओढून घेतली होती, म्हणून मी फिरता फिरता थांबले. अशा लाँचच्या बुडाला, पंख्याजवळ, जस्ताच्या जाड वड्या बसवतात. खाऱ्या पाण्यात जस्त आणि लोखंड जोडलेले असले की त्यांच्यात विजेचा बारीकसा प्रवाह सुरू होतो. मग पाणी जस्त खातं आणि लोखंड वाचतं.

लाँचचा मालक एका वडीवरून हात फिरवत फिटरला खुशीत म्हणाला, “बघ, वर्ष झालं तरी जशीच्या तशी!”

फिटरने ती वडी पटाशीने खरवडली. रंगाखालून कोरं जस्त चमकलं. “शेठ, बोटीबरोबर हिलाही रंग फासलात. मग पाणी हिला खाणार कसं?” त्याने शेजारच्या पत्र्यावर हातोडी मारली. गंजाचा पोपडा पडला आणि भोक दिसलं.

काही गोष्टींचं कामच झिजण्याचं असतं. त्यांना जपलं की झीज थांबत नाही, ती फक्त दुसरीकडे जाते, आणि तिकडे आपलं लक्ष नसतं.

परतताना पाहिलं, तर नव्या वड्या बसल्या होत्या. रंगाऱ्याचा ब्रश लागू नये म्हणून मालकाने त्यांच्यावर स्वतः कागद चिकटवला होता. जुनी वडी त्याच्या मांडीवर होती. ती अजूनही अगदी नवी दिसत होती.