ताटाच्या आवाजावर

गेल्या गुरुवारी सकाळी उम्म सलाल मोहम्मद गावाच्या बाहेर व्हॅन उभी केली, काच खाली घेतली आणि बघतो तर समोर जगच नाही... सगळं पांढरं. रस्ता, खजुराची झाडं, नव्या फ्लायओव्हरचे अर्धवट खांब, सगळं धुक्यात गडप.

कतारमध्ये थंडीत असं धुकं पडतं, हे इथे आल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही. बायकोला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "कसला फोटो हा? काहीच दिसत नाहीये." म्हटलं, अगं, तेच तर दाखवतोय!

मी इथे कुरिअरची व्हॅन चालवतो. त्याआधी बरीच वर्षं सैन्याच्या डाक विभागात होतो, आणि त्यातले दोन हिवाळे लडाखमध्ये वरच्या चौक्यांवर डाक पोचवण्यात गेले. पाठीवर थैला, मांडीपर्यंत बर्फ, मिशीवरही बर्फ... साताऱ्याच्या माणसानं एवढं पांढरं त्याआधी फक्त दुधाच्या डेअरीत बघितलेलं.

तर त्या सकाळी व्हॅनमध्ये इब्राहिमचाचांचा रिन्यू होऊन आलेला पासपोर्ट होता. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, इथे एका मोठ्या शेतावर कामगारांचा स्वयंपाक करतात. त्याच दुपारी त्यांची फ्लाइट होती आणि दुसऱ्या दिवशी गावी मुलीचा निकाह. पासपोर्ट वेळेत पोचला तर बाप मांडवात, नाहीतर व्हिडिओ कॉलवर.

आता पत्ता. वर्ल्ड कप येतोय, त्यामुळे इथले रस्ते दर आठवड्याला कूस बदलतात. चाचांनी खूण सांगितली होती कोपऱ्यावरच्या करक चहाच्या कॅफेटेरियाची, तो खलास, पाडून टाकलेला. मॅप ज्या गेटवर नेत होता ते रस्त्याच्या कामात बंद झालेलं, नवं गेट मागे कुठेतरी, आणि मधे पाइपलाइनसाठी खणलेला खोल चर.

व्हॅन पुढे नेण्यात अर्थ नव्हता. पासपोर्ट जॅकेटच्या आत घातला आणि चालायला लागलो.

पुढचं नीट सांगता येणार नाही... पायाखाली वाळू होती, पण पाय ते मानायलाच तयार नव्हते. ते बर्फातल्यासारखे उंच उचलून पडत होते. कुठलाच आवाज नाही, फक्त स्वतःचा श्वास. लांबवर एका क्रेनचा लाल दिवा लुकलुकला आणि मला वाटलं, आली चौकी... आता कुणीतरी गरम चहाचा मग हातात देईल. मी कुठल्या देशात आहे, कुठल्या वर्षात आहे, याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नव्हतं. खरं सांगतो, फार बरं वाटत होतं.

मग एक पाऊल पुढे टाकलं आणि पायाजवळची माती सरसरत चरात गेली. जागीच थिजलो. चाचांना फोन लावला.

"भाऊ, कुठं हाव तुमी? मी गेटवरच उभा हाय, पन मना माझा हात दिसत नाय!"

"चाचा, खुणा राहू द्या. एखादं ताट घ्या आणि पळीनं वाजवत राहा. मी आवाजावर येतो."

चाचा म्हणाले, "ताट? करोना परत आलाय काय?"

हे ताटाचं खूळ लडाखचं. सगळं पांढरं झालं की वरच्या चौकीतली पोरं जेवणाचं ताट बडवायची आणि आम्ही त्या आवाजाच्या दिशेनं चढायचो. डोळे फसवतात, कान फसवत नाहीत, असं तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

आणि वाजलं की हो! टण्ण... टण्ण... डावीकडून. बॅरिकेड हातानं चाचपत, चराला वळसा घालून मी त्या आवाजामागे गेलो. पांढऱ्यातून आधी स्टीलचं ताट दिसलं, मग लोकरीची टोपी, मग चाचा.

त्यांनी पासपोर्ट उघडून आधी स्वतःचा फोटो बघितला, मग तो छातीशी धरला. मग मला अशी मिठी मारली की हातातली पळी माझ्या पाठीत बसली. "चाय घेऊन जावा," म्हणाले. पण त्यांना पलीकडच्या कच्च्या रस्त्यानं न्यायला शेतावरचा ड्रायव्हर पिकअप सुरू करून बसला होता आणि बॅग अजून उघडीच होती. म्हटलं, "चहा परत आलात की. आता यल्ला, बॅग भरा!"

मी निघालो. आता एक सांगतो, त्यात तक्रार अजिबात नाही. चौकीत ताट वाजायचं ते आम्ही पोचेपर्यंतच. एकदा पत्रं वाटली की सगळ्यांची तोंडं कागदात... घरचं पत्र असायचं, त्यांचं काय चुकलं? पण उतरताना मागे काही वाजायचं नाही. रिकामा थैला आणि त्या पांढऱ्यात आपण एकटे.

त्यामुळे मी सवयीनं तसाच चाललो होतो, बॅरिकेड चाचपत. थोडं अंतर गेलो असेन... आणि मागून, टण्ण.

थांबलो. वाटलं, आपल्याच डोक्यातला आवाज. पण परत आला, टण्ण... टण्ण... सावकाश, एका लयीत. आवाज बरोबर पाठीमागे होता, म्हणजे मी नीट चाललो होतो.

दुपारी फ्लाइट, उद्या मुलीचा निकाह, आणि हा बाप उघडी बॅग तशीच टाकून गेटवर ताट वाजवत उभा होता. मी सांगितलंही नव्हतं. माझे डोळे भरून आले, तसंही समोर काही दिसत नव्हतंच.

व्हॅन सापडली. आत बसलो आणि पोचलो म्हणून एक लांब हॉर्न दिला. तेव्हा कुठे ताट थांबलं.

शनिवारी फोनवर निकाहचा फोटो आला. मुलीशेजारी चाचा, नवी टोपी, चेहराभर हसू.

शुक्रन, चाचा. इतक्या वर्षांत उतरताना मला पहिल्यांदाच सोबत होती.